चोवीसच्या पुढचे तास

हमीदचाचा,

तुमच्यावर दोन पानं लिहायला सांगितलंय मला. "आधी थोडक्यात जीवनपट दे, मग आठवणी," असं आपल्या संघटनेचे संदीपदादा म्हणाले. जीवनपट मला येत नाही. तुमचा जन्म कुठला, कंपनीत कधी लागलात, निवृत्त कधी झालात, हे नाझियाला विचारावं लागेल, आणि बाप जाऊन आठ दिवस झालेल्या पोरीला मी असले प्रश्न विचारणार नाही. मला फक्त पत्रक लिहिता येतं. वर मथळा, मधे मागण्या, खाली जाहीर निषेध. पण निषेध कुणाचा करू? तुम्ही न सांगता उठून गेलात, त्याचं निवेदन कुठल्या टेबलावर ठेवायचं आणि पोच कुणाकडून घ्यायची?

त्यात मी तुमच्यावर रागावलेली आहे. होते, असं लिहायला पाहिजे. मला कळत नाहीये.

आपली ओळखच माझ्या मूर्खपणातून झाली, तर तिथूनच सुरू करते. सिक्युरिटी गार्डांच्या ड्युटीवर आमच्या संघटनेनं पहिला सर्व्हे केला होता. चाळीस गार्ड, चाळीस गेट. त्यावरून मी पत्रक काढलं : "माणसं आहेत की गुलाम? गार्डांना दिवसाला सरासरी बेचाळीस तास ड्युटी!" लाल अक्षरात. चिकलठाण्याच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर वाटलं. चार दिवस कुणी काही बोललं नाही. पाचव्या दिवशी, स्पेअर पार्टच्या दुकानावरच्या आमच्या त्या खोलीत जिना चढून तुम्ही आलात. पांढरी दाढी, खिशाला दोन पेनं, हातात चार घड्या घातलेलं पत्रक.

"ये किसने लिख्या?"

"मी. का?"

"बेटा, हा दिवस कुठल्या ग्रहावरचा आहे? अपने यहां तो चोवीस पे खतम होता."

आमची कार्यकर्ती सोनाली चहा पीत होती, तिला ठसका लागला. मी मात्र भांडायला उभी राहिले. व्यवस्थेच्या शोषणाला गणित नसतं, असलं काहीतरी बोलले. तुम्ही शांतपणे खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, "शोषणाला नसंल. सरासरीला असतं. फाइल दाखव."

फाइलमध्ये दहा मिनिटांत सापडलं. एका गार्डनं सांगितलं होतं, "बारा-चौदा तास." आमच्या पोरीनं तसंच टाइप केलं होतं, बारा, आडवी रेघ, चौदा. तो रकाना फक्त पूर्ण आकडे घेणारा. त्यानं रेघ खाल्ली आणि आकडा केला बाराशे चौदा. एकट्या माणसानं एका दिवसात बाराशे चौदा तास गेटवर उभं राहून बाकी एकोणचाळीस जणांची सरासरी बेचाळीसवर नेली होती. आणि मी त्याचा मथळा केला होता.

"आता काय करायचं?" मी विचारलं. पहिल्यांदा आवाज खाली आला होता माझा.

"रकान्याला हद घालायची. एकपासून चोवीस. त्याच्या बाहेरचं आत येऊच द्यायचं नाय."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही रोज अकराला येऊ लागलात. कुणी बोलावलं नव्हतं. बसून बसून गुडघे दुखतात, जिना चढला की बरं वाटतं, असं कारण दिलंत. मी तुम्हाला दोन वर्षं चाचा म्हटलं आणि तुम्ही मला 'पत्रक' म्हटलंत. "आओ पत्रक, आज कुणाला जाळायचंय?" माझं नाव तुम्हाला येत होतं की नाही, याचीच शंका येते आता.

त्या हद्दीवरून आपलं किती भांडण झालं! मला तो शब्दच सोसायचा नाही. वैजापूर तालुक्यातल्या आमच्या घरात मर्यादा हा शब्द मी पाळण्यापासून ऐकलाय. हसायची मर्यादा, फिरायची मर्यादा, बोलायची मर्यादा. ते सगळं तोडून शहरात आले, तर इथं एक म्हातारा माझ्या तक्त्यातल्या प्रत्येक रकान्याला कुंपण घालत बसलेला. वय अठरा ते पंच्याऐंशी. रोजचे तास एक ते चोवीस. आठवड्याच्या सुट्ट्या शून्य ते सात.

"लोकांचं जगणं तुमच्या चौकटीत बसत नसतं चाचा!"

"माणसाला कुठं बांधतोय? आकड्याला बांधतोय. सुट्ट्या आठवड्यात आठ लिहिल्या, तर तुला चालतील?"

"पण पंच्याऐंशीच्या पुढचा गार्ड निघाला तर?"

"निघाला तर मला सांग. मी हद सरकवतो. हद अल्लानं नाय घातली, मी घातलीय."

हे वाक्य तेव्हा मी ऐकलं होतं. नुसतं ऐकलं.

मग तुम्ही गेजची गोष्ट सांगितलीत. कंपनीत कॉम्प्युटरच्या खोलीत जायच्या आधी तुम्ही बारा वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली होती. भोक पाडलेला लोखंडी तुकडा समोर यायचा. हातात दोन टोकांचं गेज. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. झालं. एवढंच काम, दिवसाला हजार वेळा.

"गेज माल सुधारत नाय, बेटा. गेज फक्त बोलतं, रुको. पुढचं काम माणसाचं. मशीन सरकली का, हत्यार झिजलं का, की नकाशाच चुकला, ते जाऊन बघायचं."

"आणि तो खराब तुकडा? फेकून द्यायचा?"

"फेकायचा? तोबा! लाल पेटीत ठेवायचा. चिठ्ठी लावून. कुठल्या मशीनचा, किती वाजता, कुणाच्या हातून. चांगला माल गिऱ्हाईकाकडं जातो, तो काय सांगणार? कारखान्याची खरी खबर लाल पेटीत असती."

मी तेव्हा मोबाईलवर मोर्चाचे निरोप पाठवत होते. "हं," म्हणाले.

फॉर्ममध्ये चुकीचा आकडा टाकला की काय दिसावं, हेही तुम्ही ठरवलंत. इंग्रजीतली ती रागीट लाल ओळ तुम्हाला नको होती. तुम्ही लिहिलंत : "हा आकडा बसत नाही. थांबा. पुन्हा विचारा. तरी तोच असेल तर हमीदला फोन करा." खाली तुमचा नंबर. सोनाली म्हणाली, चाचा, हे तर रिक्षाच्या मागं लिहिल्यासारखं वाटतंय. तुम्ही खूश झालात. प्रत्येक कार्यकर्त्याला तुम्ही एक आकडा दिलात, प्रत्येक नोंदीआधी आपापला टाकायचा, कुणी कुठली नोंद केली ते कळावं म्हणून. सोनाली चार. मी एक. "लीडर का नंबर एक," म्हणालात. मला लई भारी वाटलं होतं.

आता पुढचं लिहिते.

दुसऱ्या सर्व्हेच्या वेळी मी प्रश्न बदलला. "रोज किती तास ड्युटी?" याला सगळे गार्ड "बारा" म्हणायचे. म्हणायचे, "तसं बाराच, पण..." मला ते 'पण' पाहिजे होतं. म्हणून मी फॉर्मवर लिहिलं, "एका वेळी सलग जास्तीत जास्त किती तास?" प्रश्नाचे शब्द बदलायला तुमची गरज नव्हती, ते माझ्या हातात होतं. आकड्याची हद्द मात्र आत, तक्त्यावर होती. ती चोवीसच राहिली. रोजच्या तासांना चोवीस ही हद्द बरोबर होती. सलग तासांना नव्हती. मी तुम्हाला सांगितलं नाही. विसरले म्हणून, का विचारलं तर तुम्ही अजून दोन दिवस घालवाल म्हणून? दोन्ही असेल. प्रश्न माझा, हद्द तुमची, आणि मधे कुणीच नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि सोनाली चिकलठाण्याच्या त्या नव्या सोसायटीच्या गेटवर गेलो. सकाळचे आठ वाजून गेले होते. कडूबा मामा खुर्चीत बसले होते. सिल्लोडकडचा माणूस, साठीचा, टोपी मांडीवर, डोळे लाल.

"मामा, सलग जास्तीत जास्त किती तास ड्युटी केली?"

"आत्ता चालूय की, ताई. परवा संध्याकाळी आठला बसलो. बदलीवाला पोळ्याला गावाकडं गेला, त्यो आलाच नाय. मोजा तुमीच."

मोजले. छत्तीस.

दहाच्या सुमाराला मामांना त्याच खुर्चीत डोळा लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी व्हिडिओ काढला, सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली हसण्याच्या खुणा आल्या, आणि दुपारी एजन्सीनं मामांना घरी पाठवलं. ड्युटीवर झोपला. हजेरीच्या रजिस्टरात मामांचं नाव फक्त शेवटच्या बारा तासांना होतं, आधीच्या चोवीस तासांवर बदलीवाल्याच्या नावाच्या सह्या. सह्या कुणी केल्या, देव जाणे. म्हणजे कडूबा मामा छत्तीस तास त्या गेटवर होते, याचा जगात एकच लेखी पुरावा असू शकत होता. आमचा सर्व्हे. व्हिडिओच्या दीड तास आधी, त्याच गेटवर, त्यांच्याच तोंडून.

मामांच्या नोकरीसाठी आम्ही कामगार कार्यालयात तक्रार केली, आणि पहिल्या सुनावणीला मी तोच अहवाल फडकवत गेले. एजन्सीचा मॅनेजर हसरा होता. त्यानं माझ्याच हातातली प्रत मागून घेतली, पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"मॅडम, तुमच्याच अहवालात सगळ्यात मोठा आकडा चोवीस आहे. या गेटचाही चोवीसच आहे. छत्तीस कुठून आणले? घरी शिवले?"

खरंच होतं. चोवीस. मी म्हणाले, "फॉर्म छत्तीस घेत नव्हता. आमच्या एका कार्यकर्तीनं चोवीस टाकलं असेल."

"म्हणजे तुमची पोरं खोटं भरतात," तो म्हणाला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर मामा एवढंच बोलले, "ताई, म्या तर तुमालाच सांगितलं व्हतं."

"मामा, मोबाईल सोनालीच्या हातात होता."

तिथून मी थेट खोलीवर आले. तुम्ही बसलेले होतात. सोनाली होती, संदीपदादा होते, आणखी चार जण. मी जे बोलले ते तुम्हालाही पाठ असेल, पण लिहिते, कारण तुमच्याबद्दल चांगलंच लिहायचं आणि स्वतःबद्दल गाळायचं, हे मला जमणार नाही. मी म्हणाले, "तुमच्या चोवीसनं माझा माणूस खाल्ला. तुम्ही आयुष्यभर मालकाचा माल तपासला आणि आता इथं येऊन माणसं रिजेक्ट करताय!"

सोनाली जमिनीकडं बघत होती. तुम्ही दोन्ही पेनं खिशाला नीट लावलीत, उठलात आणि म्हणालात, "मैं देखता."

बस. "मैं देखता." ना उलट उत्तर, ना गेजची गोष्ट. तुमच्यासारखा भांडकुदळ माणूस!

नंतर तुमचे दोन फोन येऊन गेले. एक मंगळवारी, एक बुधवारी. मी उचलले नाहीत. कामात होते, असं मी लोकांना सांगते. कामात नव्हते. स्क्रीनवर तुमचं नाव बघत बसले होते, वाजून वाजून थांबेपर्यंत. गुरुवारी सकाळी नाझियाचा मेसेज आला. पहाटे फजरची नमाज पढून तुम्ही खुर्चीत टेकलात आणि उठलाच नाहीत.

तुमच्या घरी आले तेव्हा तुम्हाला घेऊन गेले होते. आत बायका बसल्या होत्या. चाचींनी मला ओढून शेजारी बसवलं. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत त्यांनी सगळ्यांना नान खलिया वाढला होता, आणि मी मटण खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळी वांग्याची भाजी केली होती. तुम्ही ताटात डोकावून म्हणाला होतात, "देखो, पत्रक की भी मर्यादा है." मी सोडून सगळे हसले होते. आता हसावं वाटत होतं आणि ते शक्य नव्हतं.

चाची म्हणाल्या, "रोज पूछते थे, पत्रक आई क्या? फोन लगी क्या?"

मी काय सांगणार होते, चाचा? तुम्हीच सांगा.

निघताना नाझियानं तुमचा लॅपटॉप आणि निळ्या पुठ्ठ्याची वही हातात दिली. "अब्बूंनी सांगून ठेवलं होतं. हे तुमच्या ऑफिसचं आहे म्हणून."

परवा दुपारी मी ते उघडलं. एकटीच होते. वहीत पासवर्ड होता, तक्त्यांची यादी होती, प्रत्येकासमोर तो कशासाठी, ते लिहिलेलं. गार्ड. गेट. एजन्सी. आणि शेवटी एक, ज्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे ऐकलं होतं. लालपेटी.

हद्दीनं अडवलेला एकेक आकडा त्यात होता. फॉर्मनं हाकलला, पण तुम्ही फेकला नव्हता. टाकलेला आकडा, तारीख, वेळ, कुठलं गेट, कुणाच्या हातून. चिठ्ठी लावून. पहिल्या दिवसापासून. त्यात एका वयाला नऊशे होतं, कुणाचं तरी बोट अडकलं असणार. आणि दुसऱ्या सर्व्हेच्या दिवसांत चोवीसच्या पुढचे अकरा जणांचे आकडे होते. तीस. छत्तीस. अठ्ठेचाळीस. एका गेटवर बावन्न. अकरा माणसं अशी, जी आमच्या अहवालात चोवीसवर कापलेली होती.

कडूबा मामांचं गेट सापडलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजून एकवीस मिनिटं : ३६. त्याच मिनिटाला पुन्हा : ३६. आठ बावीसला मूळ तक्त्यात नोंद गेलेली : २४.

कार्यकर्ता क्रमांक : १.

मी लॅपटॉप मिटला. परत उघडला. एकच होता. चार नव्हता.

मोबाईल माझ्या हातात होता, चाचा. शपथेवर सांगते, मला आठवत नव्हतं. त्या दिवशी आम्ही पंधरा गेटं केली, उन्हानं डोकं उठलं होतं, मोबाईल कधी तिच्याकडं, कधी माझ्याकडं. नव्हतंच आठवत. का आठवत होतं, आणि मॅनेजरच्या समोर "एका कार्यकर्तीनं" असं तोंडातून गेलं तेव्हा मला कुठंतरी माहीत होतं? मी हे दोन दिवस उलटसुलट करून बघतेय. एका बाजूनं गेज जातं, दुसऱ्या बाजूनंही जातं. मग तुकडा चांगला की खराब?

तुम्ही तर फॉर्मवर लिहून ठेवलं होतं, थांबा, पुन्हा विचारा, फोन करा. मी वाचलं असणार, दोनदा. मी थांबले नाही. मला ती ओळ 'परवानगी नाही' अशी दिसली. आयुष्यभर कुंपणं बघितलेल्या माणसाला पाटीही कुंपणच वाटते का? वर मी स्वतःला काय समजते, तर नियम मोडणारी. आणि नियम मोडायची खरी वेळ आली तेव्हा मी मुकाट चोवीस टाकलं आणि पुढच्या गेटवर गेले! मामांचे बारा तास मी कापले. मालकानं नाही, मॅनेजरनं नाही, तुम्ही नाही.

पण मग तुम्ही गप्प का राहिलात?

हा माझा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. तुमच्या वहीत प्रत्येक नोंदीला तारीख आहे. दूध बंद केल्याचीसुद्धा. एकाच पानाला तारीख नाही. त्यावर लिहिलंय, "नंबर १ से पूछना : ३६ का २४ कैसे हुआ?" आणि खाली, वेगळ्या शाईनं, "नक्को. खुद बोलेगी."

हे कधी लिहिलंत? भांडणाच्या आधी की नंतर? आधी लिहिलं असेल, तर मी सगळ्यांसमोर तुम्हाला वाट्टेल ते बोलत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही नुसती पेनं खिशाला लावलीत. नंतर लिहिलं असेल, तर ते दोन फोन विचारण्यासाठी होते, आणि मी ते उचलले नाहीत म्हणून तुम्ही खालची ओळ लिहिलीत. पहिलं खरं मानलं तर तुमच्या मोठेपणाची मला चीड येते. दुसरं खरं मानलं तर माझी स्वतःची. कुठलंही एक खरं करून द्या. तुम्ही म्हणायचात ना, एका रकान्यात एकच आकडा बसतो. मग माझ्यासाठी हा रकाना रिकामा का सोडलात?

सोनालीची माफी मागितली. ती म्हणाली, "मला माहीत होतं ताई. मी तिथंच होते." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुमच्यापुढं कोण बोलणार?" हे एक वाक्य मला एजन्सीच्या सगळ्या नोटिसांपेक्षा लागलं. मालकापुढं कोण बोलणार, असं गार्ड म्हणतात, तेव्हा मी पत्रक काढते.

उद्या पुढची सुनावणी आहे. लालपेटीच्या त्या ओळी म्हणजे कडूबा मामांचा पुरावा आहे. व्हिडिओच्या आधीची वेळ, छत्तीस, दोनदा. संदीपदादांनी काल बघितलं आणि लगेच म्हणाले, "आकडा आणि वेळ एवढंच दे. कार्यकर्ता क्रमांकाचा रकाना लपव आणि प्रिंट मार. नाहीतर तो मॅनेजर मामांना सोडून तुझ्याच मागं लागेल. संघटनेच्या मुख्य बाईनं खोटा आकडा भरला म्हणेल."

मला ते पटलं. हे लिहून ठेवते, कारण तुम्ही काहीच फेकलं नाहीत तर मीही फेकणार नाही. चांगलं अर्धा मिनिट मला ते पटलं होतं. रकाना लपवून प्रिंट काढलीही. मग ती हातात घेऊन बघितली, तर तो लाल पेटीतला तुकडा होता, पण चिठ्ठी फाडलेला. मॅनेजर विचारणारच, हे कुणी टाइप केलं? आणि मी परत म्हणणार, आमच्या एका कार्यकर्तीनं?

ती प्रिंट फाडली. दुसरी काढली. सगळे रकाने.

तेवढ्यावर भागत नव्हतं. मूळ तक्त्यात मामांसमोर अजून चोवीसच होतं. तुम्ही सगळं बघितलं होतं, तरी ते बदललं नव्हतं. वहीच्या पहिल्याच पानावर तुमचा नियम आहे : दुसऱ्याने केलेली नोंद आपण बदलायची नाही, ज्याची त्याने. म्हणून आज सकाळी मी माझ्या नंबरानं आत गेले, मामांची नोंद उघडली, चोवीस खोडलं आणि छत्तीस टाकलं. हात आपोआप आखडला. आता ती ओळ येणार, हा आकडा बसत नाही.

आली नाही. तुम्ही हद्द सरकवली होती. वहीत तारखेसकट आहे, बुधवारी, गुरुवारच्या आदल्या दिवशी. एक ते बहात्तर. मी तुमचा फोन वाजू देत होते, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी जागा करत होतात.

छत्तीस आत गेलं. पण जमा झालं नाही. खाली एक नवीन चौकोन उघडला, जो मी आधी कधी बघितला नव्हता. चोवीसच्या पुढच्या आकड्यांसाठी तुम्ही शेवटी घातलेला. त्यावर तुमच्या त्या मोडक्या, रिक्षाच्या मागं शोभेल अशा मराठीत लिहिलं होतं : "चालेल. पण हे कोणी सांगितलं, आणि कोणी ऐकलं?" कोपऱ्यात बारीक अक्षरात : दोनशे अक्षरांपर्यंत.

शेवटपर्यंत हद्द घातलीतच ना, चाचा.

पत्रकात मी दोन पानं भरली असती. मग लिहिलं : "कडूबा मामांनी सांगितलं. मी ऐकलं. दोनदा छत्तीस टाकलं, घेतलं नाही, म्हणून चोवीस मीच टाकलं. पुन्हा विचारलं नाही. हमीदचाचांना फोन केला नाही."

बसलं. सगळं बसलं, वर थोडी जागा उरली. तिथं उद्गारचिन्ह टाकायची सवय आहे मला. नाही टाकलं.